ज्या बराकीत आम्ही वाढलो

निर्वासित म्हणजे डोक्यावरचे ओझे, अशा सुराची पत्रे अलीकडे वरचेवर वाचतो, म्हणून हे लिहितो. आमचे सिंधी कुटुंब फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईत उतरले आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आले. वडिलांचा जन्म तिथल्याच बराकीतला. त्या बराकी आमच्यासाठी बांधलेल्या नव्हत्याच! १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, त्यांत बायका-मुलेच जास्त. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडे धाडले होते. तिथून सुटून इराणमार्गे ते इकडे आले. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते.

युद्ध संपले तरी अनेकांना परतता आले नाही. त्यांची गावे आता सोव्हिएत हद्दीत होती आणि पोलंडमध्ये कम्युनिस्ट सत्ता. मग कुणी इंग्लंडला गेले, कुणी ऑस्ट्रेलियाला. राजकीय आश्रय म्हणजे काय, हे त्यांना विचारावे.

आमचे तसे नव्हते. आम्ही आश्रित म्हणून आलो तरी नागरिक झालो, छावणीचे गांधीनगर झाले, कापडाची पेठ उभी राहिली. पण आज दारात येणाऱ्याचे काय? भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. कुणाला ठेवायचे, कुणाला नाही, हे त्या त्या सरकारच्या मर्जीवर. निदान अर्ज ऐकून घेण्याची ठरलेली पद्धत तरी कायद्यात हवी.

– एक वाचक, गांधीनगर (जि. कोल्हापूर)