आत्या, कॅटलिनवरचा खटला इतका सरळ नाही

बेलफास्ट, रविवार

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

परवा आईशी बोलणं झालं. पुण्यात एआरएआयच्या टेकडीवर तुमच्या दोघींची चांगलीच जुंपली आणि उतरताना तू पुढे, ती मागे अशा घरी आलात, असं कळलं. नणंद-भावजयींचं भांडण म्हटलं की जागा नाहीतर दागिने. तुम्ही दोघी मात्र एका इंग्रजी कादंबरीतल्या बाईवरून, कॅटलिन स्टार्कवरून, अबोला धरून बसलात! बाबांनी हात झटकलेत. पुस्तकं तुला दादाने दिली, मालिका आईला मी लावून दिली, तेव्हा निस्तरणं आमच्याकडेच आलं.

निकाल तुझ्या बाजूने लागणार नाही, हे आधीच सांगते. आईच्याही बाजूने सगळा लागणार नाही.

मुळात तुम्ही दोघी एका बाईवरून भांडतच नाही आहात. तू जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चे पाचही ठोकळे वाचलेस, 1996 च्या पहिल्यापासून 2011 च्या पाचव्यापर्यंत. आईने त्यावरची 2011 ते 2019 ची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिका पाहिली, तीही भाजी निवडता निवडता. पुस्तकातली कॅटलिन नवऱ्याला, नेडला, सांगते, राजा स्वतः बोलवायला आलाय तर जा, नाही म्हटलंस तर त्याला संशय येईल. मालिकेतली कॅटलिन त्याला थांबवू बघते. पुढे राजधानीत नेडचं मुंडकं उडतं, म्हणजे हा फरक काही बारीक नाही. शिवाय मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये ती जॉनबद्दल, नेडने बाहेरून आणलेल्या पोराबद्दल, एका रात्री सगळं बोलून टाकते: तान्ह्या जॉनचं मरण मी देवांकडे मागितलं, मग तो खरंच आजारी पडला तेव्हा घाबरून नवस बोलले की हा वाचू दे, याला आपलंसं करीन, आणि पोर वाचल्यावर नवस फेडलाच नाही. आई तिथे ढसाढसा रडली. पुस्तकात त्यातलं अक्षर नाही. आईच्या कॅटलिनने माफी मागून झाली आहे, तुझीने कधी मागितलीच नाही. मग तुमचं जमणार कसं?

आता तुझा मुद्दा. आईने तो तुझ्याच शब्दांत ऐकवला. “ज्या बाईला आईवेगळं पोर इतकी वर्षं डोळ्यांसमोर खपलं नाही, तिची पोरं गेली म्हणून मी का रडू?” बिनतोड वाटतो. पण तू हे ज्या प्रसंगावरून म्हणतेस, तो पुन्हा काढून बघ.

तिचा मुलगा ब्रॅन बुरुजावरून पडलाय, बेशुद्ध आहे, आणि कॅटलिन त्याच्या उशाशी बसून आहे, हलायला तयार नाही. जॉन उत्तर सीमेवरच्या भिंतीकडे पहाऱ्यासाठी कायमचा निघालाय, म्हणून निरोप घ्यायला येतो. ती त्याला हाकलून बघते, तो तरी धाकट्याचा मुका घेतो. दारापर्यंत पोचतो तेव्हा ती त्याला नावाने हाक मारते. आजवर कधीच मारलेली नसते. तो वळतो आणि ती म्हणते की पडायला तूच हवा होतास.

हे वाचून अंगावर काटा येतो, कबूल. पण ते प्रकरण कोणाचं आहे? जॉनचं. मार्टिनच्या या पुस्तकात प्रत्येक प्रकरण एकेका माणसाच्या डोक्यात बसून सांगितलेलं असतं, आणि त्या दारात आपण जॉनच्या आत उभे असतो. चौदा वर्षांचा मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून आपलं नाव ऐकतो, आणि पुढचं वाक्य हे. कॅटलिनच्या आत आपण जातो ते त्यानंतर. तिथे झोप नाही, घराचे हिशेब बघायची ताकद नाही, बाहेर लांडगे रडतायत, आणि मग सुरा घेऊन एक माणूस ब्रॅनला मारायला खोलीत शिरतो. ती त्याचं पातं उघड्या हातांनी धरते. बोटं हाडापर्यंत कापली जातात, पण ती सोडत नाही. लांडगा येऊन त्या माणसाचा गळा फोडेपर्यंत मुलाला तिच्या हातांनीच वाचवलेलं असतं. आत्या, ही दोन्ही प्रकरणं उलट क्रमाने छापली असती तर तू इतकी चिडली असतीस का? मला नाही वाटत.

शत्रू घराण्यातल्या टिरियनचंही तसंच. वाटेवरच्या खानावळीत तो अचानक समोर येतो आणि वर तिला ओळख देतो. मला तो प्रसंग फार आवडतो. ती आरडाओरडा करत नाही. बाकांवर बसलेल्या शिपायांच्या अंगरख्यांवरची चिन्हं बघते, एकाच्या अंगावर काळं वटवाघूळ, एकाच्या लाल घोडा, एकाच्या जोडबुरुज, आणि एकेकाला विचारते, तुझा धनी माझ्या वडिलांशी इमान राखून आहे ना? सगळ्यांकडून हो वदवून घेते आणि मग बोट दाखवते. क्षणात डझनभर तलवारी उपसल्या जातात. आपण कपाळावर हात मारतो, कारण टिरियनच्या डोक्यात आपण बसून आलोय, तो निर्दोष आहे हे आपल्याला ठाऊक आहे. तिला कुठून ठाऊक असणार? सुरा टिरियनचा, असं तिला लिटलफिंगरने सांगितलंय, आणि लिटलफिंगर तिच्या माहेरी तिच्याबरोबर वाढलेला. आपल्या हातात उत्तरपत्रिका आहे आणि आपण तिला नापास करतोय.

नेडला मात्र आपण पैकीच्या पैकी देतो. लढाईवरून परत येताना तो एक मूल घेऊन येतो, हे माझं रक्त आहे म्हणतो, आणि नव्या नवरीने एकदा विचारल्यावर असा कडाडतो की ती आयुष्यात त्याला तेवढ्याच एकदा भ्यालेली असते. पुन्हा कधी विचारत नाही. आणि गंमत बघ, नेडचीसुद्धा स्वतःची प्रकरणं आहेत! पण त्यांत लेखक आपल्याला जॉनपाशी पोचूच देत नाही. मरणाऱ्या बहिणीला दिलेलं वचन आठवतं, रक्ताचा आणि गुलाबांचा वास आठवतो, की पडदा. बाईच्या मनातलं कडू सगळं चव्हाट्यावर आणि पुरुषाचं गुपित त्याच्या स्वतःच्या डोक्यातसुद्धा झाकलेलं. मग एक कोत्या मनाची आणि दुसरा सत्यवचनी ठरणारच.

मला सगळ्यात खटकतं ते तिच्या थोरल्याचं, रॉबचं. ब्रॅन आणि धाकटा रिकन मेल्याची बातमी येते (खोटी असते, पण ते तेव्हा कोणाला माहीत). ती बातमी मायलेकांना वेगवेगळ्या ठिकाणी गाठते. आई माहेरच्या किल्ल्यात आहे. ती शत्रूच्या ताब्यातल्या आपल्या दोन मुलींच्या बदल्यात टिरियनच्या भावाला, जेमीला, कैदेतून सोडते. लेक मोहिमेवर जखमी होऊन पडलाय. तो शुश्रूषा करणाऱ्या मुलीच्या कुशीत दुःख विसरतो, दुसऱ्या दिवशी तिच्या अब्रूसाठी तिच्याशी लग्न करतो, आणि फ्रे घराण्यात लग्न करीन हा वॉल्डर फ्रेला दिलेला शब्द मोडतो. बातमी एकच, घायाळ दोघंही. पुढे फ्रेच्या घरच्या रक्तरंजित लग्नात मायलेक मारले जातात, ते त्या मोडलेल्या शब्दाचा सूड म्हणून. पण रॉबला आपण म्हणतो, पोरसवदा होता, प्रेमात पडला. तिला म्हणतो, अक्कल नव्हती. रॉब स्वतः इतका कठोर नाही. तो तिला लगेच माफ करतो, अर्थात त्यालाही आपली माफी हवी असते म्हणून.

आणि ती बिनडोक असती तर ओलीस ठेवलेल्या थिऑनला बापाकडे पाठवू नकोस हे तिने सांगितलं नसतं. फ्रेच्या दारात पाऊल ठेवताच आधी भाकरी आणि मीठ माग, हेही तिनेच रॉबला बजावलं. खाल्ल्या मिठाला लोक जागतात असं मानलं, एवढीच तिची चूक. इथून तासाभरावर इंच ॲबी म्हणून पडका मठ आहे. मालिकेत रॉबला राजा म्हणून पुकारतात तो प्रसंग तिथे चित्रित झाला. आम्ही गेलो तेव्हा गाइडने सगळ्यांच्या हातात लाकडी तलवारी दिल्या आणि “उत्तरेचा राजा” म्हणून घोषणा द्यायला लावल्या. मीही दिल्या, का नाही देणार! पण पुस्तकातल्या त्या सभेत, घोषणांच्या जरा आधी, एक विधवा उठून म्हणते की नेड काही परत येणार नाही, तह करा, मला माझ्या मुली हव्यात, मला घरी जाऊन रडायचंय. तिचं तेव्हा कोणी ऐकलं असतं तर पुढची हजारेक पानं लागलीच नसती. गाइडने त्यातलं चकार शब्दाने सांगितलं नाही.

पुण्याला ही सवय नवी नाही म्हणा. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं राघोबादादांना. आणि आपण लहानपणापासून घोकलं काय? आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला.

आता आईचं. ती म्हणते, बिचारी फसवली गेली. बिचारी कसली! जेमीने रॉबच्या सरदाराचे, कारस्टार्कचे, दोन मुलगे रणात मारले होते हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी तिने त्याला सोडला. तो म्हातारा सूडाने वेडा झाला, त्याने कैदेतली दोन कोवळी पोरं कापली, रॉबला त्याचं डोकं उडवावं लागलं आणि त्याची माणसं तुटली ती तुटलीच. इतरांच्याही पोटी पोरं असतात हे तिला त्या रात्री दिसलं नाही. आणि जॉनच्या बाबतीत तर मी तिची वकिली करणारच नाही. अनौरस मुलाला वारस केलं की पिढ्यान् पिढ्या लढाया होतात, हे ती रॉबला ब्लॅकफायर घराण्याचा दाखला देऊन सांगते, आणि त्या राज्याचा इतिहास बघता ते खरंच आहे. पण ते झालं राजकारण. तिचा हिशोब नेडशी होता, वसूल केला पोराकडून. हे आईने गिळून टाकू नये. वाईट वागणारी बाई बिचारी निघाली तरच तिच्यासाठी जीव तुटावा, असं कुठे आहे?

तुला मात्र एक विचारायचंय. तुझ्या कपाटात ‘मृत्युंजय’ आहे, पानं सुटत आलेली. कर्णासाठी तू किती रडली आहेस ते घरात सगळ्यांना माहीत आहे. तरी कुंतीला तू कधी टाकून बोललेली मी ऐकली नाही. तिने तर पोटचं पोर पाण्यात सोडलं. युद्धाच्या तोंडावर त्याच्याकडे गेली ती काय मागायला? बाकीच्या पाचांचे प्राण. चौघांना मारणार नाही, तुझे पाच मुलगे पाचच राहतील, हे वचन घेऊन परत आली. मग कॅटलिनने दोन मुलींसाठी शत्रू सोडला, तर त्यात न समजण्यासारखं काय आहे? सावंतांनी कुंतीला आपली बाजू मांडायला स्वतंत्र प्रकरण दिलं, म्हणून ती तुला कळली, असं मी समजत होते. पण मार्टिननेही कॅटलिनला भरपूर प्रकरणं दिलीत. मग फरक कुठे पडला? मला वाटतं, कुंती जळत राहते. तिला सतत टोचणी आहे आणि ती आपल्याला दिसते. कॅटलिन जॉनबद्दल जळत नाही. ती आपल्याकडे दया मागायला येत नाही, आणि दया न मागणारी आई आपल्याला झेपत नाही. मला ती आवडते ती नेमकी याच कारणाने.

आईने अजून न बघितलेली एक गोष्ट तुझ्याकडे आहे. तिसऱ्या खंडाचा उपसंहार. मालिकेने तो गाळला. त्यात मेलेली कॅटलिन परत येते, गळा चिरलेला, बोलताही येत नाही, आणि ती फ्रेंना झाडाला टांगत सुटते. तिथून पुढे तिच्या नावाचं एकही प्रकरण नाही. जिच्या डोक्यात आपण तीन खंड राहिलो, तिच्याकडे आता फास लागलेल्या एका फ्रेच्या डोळ्यांनी बघायचं. तू तो भाग वाचून झाल्यावर दादाला फोन करून “मस्त केलं, टांग सगळ्यांना!” म्हणाली होतीस, तो अजून नक्कल करतो. आणि चौथ्या खंडात तिने तिच्याशी इमान राखणाऱ्या ब्रिएनच्या गळ्यात दोर घातला, तेव्हा चिडून पुस्तक आपटलंस.

तो उपसंहार आईला मोठ्याने वाचून दाखव. इंग्रजी अडलं तर मराठीत सांग, पण आधी काही फोडू नकोस.

बाबांना नमस्कार. दादाला म्हणावं, सहावा खंड अजून यायचाय, तोवर तुम्हा दोघींना नवीन काही आणून देऊ नकोस.

तुझी भाची