भित्र्या कुत्र्यांना माणसांची सवय लावायची आहे, त्यासाठी माणसे हवी आहेत

स. न. वि. वि.

इंदूरच्या राजेंद्र नगर आणि लोकमान्य नगर परिसरातल्या सर्व मराठी कुटुंबांना आपल्या रहिवासी मंडळाकडून कळकळीची विनंती.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी देणगी मागणारी पत्रके आपल्याकडे अधूनमधून येतच असतात. पैसे आम्हालाही लागणार आहेत, त्याचे पुढे सांगतोच. पण त्याआधी आम्हाला तुमचा वेळ हवा आहे. रोज अर्धा तास, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, निदान तीन-चार महिने.

आपल्या भागातली जी कुत्री माणसाळलेली आहेत, त्यांचे बरेचसे मार्गी लागले आहे. पोहे-जिलबीच्या दुकानासमोर लोळणारा, कोणीही हाक मारली तरी शेपूट हलवत येणारा कुत्रा नसबंदीच्या गाडीला सहज सापडतो. त्याचे ऑपरेशन होते, रेबीजची लस टोचली जाते, ओळखीसाठी कानाला खाच पाडतात आणि तो परत आपल्या जागी येतो. मागे राहतात ती भित्री. गाडीचा आवाज आला की ती नाल्यात उतरतात, ती रात्र पडेपर्यंत वर येत नाहीत. त्यांत एखादी मादी असली की प्रश्न दुपटीने वाढतो. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि जेमतेम 63 दिवसांत विते. पिलू तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जग ओळखायला शिकते. त्या काळात ज्याचा वास, आवाज, स्पर्श मिळाला ते त्याला आपले वाटते. भित्री आई पिलांना पुलियाखाली दडवून ठेवते, तो सगळा काळ पिलांना माणूस जवळून दिसतच नाही, आणि आईची भीती पुढच्या पिढीत जशीच्या तशी उतरते.

भ्यालेले कुत्रे चावते, हेही स्पष्ट सांगायला हवे. कोपऱ्यात सापडले, पळायला वाट राहिली नाही, वरून कोणी हात घातला, की ते दात लावते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य, म्हणून लस आधीच झालेली बरी. एखाद्या भागातल्या किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर तिथे रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही लस दर वर्षी पुन्हा द्यावी लागते. जाळे टाकून एकदा पकडलेले कुत्रे दुसऱ्या वर्षी जाळ्याच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. म्हणजे लस टिकवायची तर आधी विश्वास टिकवावा लागतो.

आपल्या शहराची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 2017 मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले, आणि नंतर वर्षानुवर्षे आपण तो मान राखला. रस्त्यावरच्या कचराकुंड्या गेल्या, दारोदार कचरागाडी फिरू लागली. याचा आम्हाला अभिमान आहे, आणि कुंड्या परत याव्यात असे कोणालाच वाटत नाही. पण उकिरड्यावर, कोणाच्याही नजरेस न पडता पोट भरणारे भित्रे कुत्रे त्यामुळे उघड्यावर पडले. धीट कुत्री माणसांच्या दारात गेली, भित्री उपाशी राहिली.

भुरीचे उदाहरण देतो, म्हणजे आम्ही काय मागतो आहोत ते नीट कळेल. गेल्या दिवाळीत, फटाक्यांच्या धामधुमीत, ही मादी कुठून तरी पळत आली आणि नाल्याकाठच्या रिकाम्या प्लॉटवर विटांच्या ढिगामागे राहिली. गळ्यात नायलॉनची दोरी, तिचे टोक तुटलेले, आणि दोरी रुतून मानेवर ओली जखम. म्हणजे कधी काळी ती कोणाची तरी होती. चांगल्या हेतूने दोघा-तिघांनी तिला पकडायचा प्रयत्न केला, जाळेही टाकून झाले. त्यानंतर ती माणूस दिसला तरी लघवी करायची.

कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींनी मग तिचे काम हातात घेतले. रोज दिवेलागणीनंतर आजी प्लॉटच्या फाटकाशी स्टूल टाकून बसत. भुरीकडे तोंड करून नाही, आडव्या. हातात जपमाळ. फोडणी घालण्याआधी बाजूला काढलेला वरणभात, त्यात कुस्करलेली पोळी, कधी उकडलेले अंडे. वाडगा रोज तोच, जागा तीच, अंगावरची शालसुद्धा शक्यतो तीच. वाडगा ठेवायचा आणि आपले बसून राहायचे. सुरुवातीला आजी उठून घरी गेल्याशिवाय भुरी ढिगामागून बाहेर येत नसे. पुढे त्या बसलेल्या असतानाच येऊ लागली, पण मागचे पाय पळायच्या तयारीत ताणलेले, शेपूट पोटाशी, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसत, आणि दर घासाला वर मान. आजी तिच्याशी बोलत नसत, तिच्याकडे बघतही नसत. एखादे दिवशी वाडगा वीतभर जवळ सरकवत, भुरी बिचकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे नेत. मार्गशीर्षातल्या कडाक्याच्या थंडीत एका संध्याकाळी भुरी आजींकडे पाठ करून जेवली. ज्यांना कुत्री कळतात त्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. ज्या माणसाची भीती वाटते त्याच्याकडे जनावर पाठ करत नाही.

पिंजरासुद्धा असाच हळूहळू ओळखीचा केला. तो प्लॉटवर कितीतरी दिवस नुसता उघडा होता. दार सुतळीने बांधून ठेवले होते, म्हणजे वाऱ्याने आपटणार नाही, आणि तळाला गोणपाट, म्हणजे पत्रा वाजणार नाही. वाडगा आधी दारात, मग उंबऱ्याच्या आत, मग पार मागे. ऑपरेशनला पोट रिकामे लागते, म्हणून आदल्या रात्री जेवण झाल्यावर सुतळी सोडली. आत कोंडल्यावरही ती ओरडली नाही, कारण आजी शेजारीच बसल्या होत्या. दोरी कापली, जखम शिवली, नसबंदी झाली, लस झाली. तोवर संक्रांत आली होती. परत आणून सोडल्यावर ती पुन्हा ढिगामागे गेली, आणि आजी पुन्हा स्टूल घेऊन फाटकाशी. या वेळी फार वाट पाहावी लागली नाही. आता ती हनुवटीखाली खाजवू देते. डोक्यावरून हात आला तर अजून दचकते, आणि तो हक्क तिला आहे.

अशा भुऱ्या आपल्या परिसरात आणखी आहेत आणि आजी एकच आहेत. म्हणून हे आवाहन.

हे काम कोणालाही जमते. फक्त घाई चालत नाही. कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो भाव मनात असू द्या, पण भित्र्या कुत्र्यामागे धावू मात्र नका. खाली बसा, कूस त्याच्याकडे ठेवा, डोळ्याला डोळा देऊ नका. ते ओठ चाटू लागले, जांभई देऊ लागले, तोंड फिरवले, तर ते घाबरले आहे असे समजून थोडे मागे सरका. पहिला स्पर्श त्याने तुमचा हात हुंगल्यावर, आणि तोही छातीला किंवा हनुवटीखाली, क्षणभरच. हात काढल्यावर ते जवळ आले तरच पुन्हा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे देऊ नका. येता-जाता बिस्किटे टाकू नका. त्याने पोटही भरत नाही आणि आजींसारख्या बसणाऱ्या माणसाची मेहनत वाया जाते. रोज बसता येणार नसेल तर ही जबाबदारी घेऊ नका, दुसरी कामे पुष्कळ आहेत. सवय लावून मध्येच थांबणे जनावराला फार महाग पडते.

काही रहिवाशांचा कुत्र्यांना खाऊ घालण्याला विरोध आहे. त्यांचे म्हणणे आम्ही समजून घेतले आहे. लहान मुले असलेल्या घरात काळजी असणारच. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी खाऊ घालण्याची सोय करण्याची जबाबदारी रहिवासी संस्थांवरही टाकली आहे, आणि ती जागा जिने, प्रवेशद्वारे व मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून दूर असावी असे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात वॉर्डावॉर्डात अशा जागा ठरवायला सांगून वाटेल तिथे रस्त्यावर खाऊ घालायला मनाई केली. त्यामुळे जागा आणि वेळ सर्वांना विचारूनच ठरेल. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते त्यांनी तर आवर्जून यावे, कारण कुठे जागा नको हे तेच नेमके सांगू शकतील. कोणाला चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पूर्ण 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका.

आता लागणाऱ्या गोष्टी. प्रत्येक जागेसाठी निदान दोन माणसे, म्हणजे एक गावाला गेले तर दुसरे बसेल. निवृत्त मंडळी, घरून काम करणारी मुले-मुली, कोणीही चालेल, शाळेतली मुले मात्र मोठ्या माणसासोबतच. मागच्या दाराचे चार मोठे पिंजरे घ्यायचे आहेत. ऑपरेशननंतर जखम भरेपर्यंत ठेवायला एक रिकामे गॅरेज किंवा खोली हवी, पंखा आणि नळ असलेली. कोणाकडे व्हॅन किंवा छोटा टेम्पो असेल तर पहाटे नेण्या-आणण्यासाठी लागेल. मातीची कुंडी, गोणपाट, जुनी ब्लँकेटे घरात पडून असतील तर द्या. महूचे पशुवैद्यक महाविद्यालय 1955 पासून आपल्या इतक्या जवळ आहे. तिथे शिकणारे किंवा शिकवणारे कोणी तुमच्या नात्यात असेल, तर जखमा आणि खरजेच्या उपचारांबाबत त्यांचा सल्ला मिळवून द्या.

रोख वर्गणी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत घेतली जाईल. रक्कम कितीही चालेल, पावती प्रत्येकाला मिळेल, आणि औषधे, पिंजरे, जेवण यांचा हिशोब दर महिन्याला फलकावर लागेल. उरलेले पैसे दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरले जाणार नाहीत.

पुढची दिवाळी येण्याआधी जितकी कुत्री माणसाळतील तितकी आपल्याला फटाक्यांच्या रात्री आडोशाला घेता येतील, म्हणून लवकर सुरुवात करायची आहे. येत्या रविवारी सकाळी 8 वाजता बागेच्या फाटकाशी जमू. तिथून सगळे मिळून गल्ल्यांमधून फिरू, जागा पाहू आणि कोण कुठे बसणार ते लिहून घेऊ. ज्यांना येता येत नाही त्यांनी आपले नाव आणि सोयीची वेळ चिठ्ठीवर लिहून कार्यालयाच्या पेटीत टाकावी.

आपले नम्र,
रहिवासी मंडळातील सर्व कार्यकर्ते