सोन्याचा शोध आणि दूधफरकाचे पैसे

संपादक महोदय,

सोन्याचा भाव चढला तशी गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, जमिनीत सोनं शोधणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्सची चर्चा वाढली आहे. शेजारचे काका दिवाळीचा दूधफरक (दूध संघाकडून मिळणारी दरफरकाची रक्कम) जमा झालेलं पासबुक घेऊनच माझ्याकडे आले; ते पैसे या शेअर्समध्ये घालायचे म्हणत होते. जीव कळवळला. अशा कंपनीकडे विकायला सोनं नसतं. बोअर मारायला पैसा हवा, म्हणून ती पुन्हा पुन्हा नवे शेअर काढते आणि आपला हिस्सा पातळ होत जातो. कॅनडाच्या ब्री-एक्स या सोनं शोधणाऱ्या कंपनीच्या खडकाच्या नमुन्यांत तर बाहेरचं सोनं मिसळलेलं निघालं. १९९७ मध्ये तो शेअर मातीमोल झाला. टनभर खडकामागे किती ग्रॅम सोनं, खाणपट्टा मिळाला का, हे कंपनीच्या अहवालात कसं पाहायचं, यावर आपण सविस्तर लेख छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर