आर्वीहून आलेला डबा

नागपूर, रविवार दुपार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

डबा पोचला. गणेशपेठच्या बसस्थानकावर कंडक्टरनं हातात दिला तेव्हा सुतळी अजून घट्ट होती. शतावरी कल्पाचे दोन डबे, अश्वगंधा आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतली ती गुलाबी पावडर, सगळं नीट आलं. आई फोनवर म्हणाली, "खाऊन तं पाय, नुकसान काय हाय?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. मागे जावयांची आंघोळ चालली होती, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि विषय असा, मूल होण्याचा. म्हणून लिहिते.

आधी कबुली देते. दिवसभर औषधाच्या काउंटरमागे उभी असते मी. बाया येतात, चिठ्ठी चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलेली, आणि शेजारचं गिऱ्हाईक निघून गेलं की हळूच विचारतात, "बीज वाढवायची गोळी आहे का?" बीज वाढवणारी गोळी नसते, हे मला फार्मसीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. तरी सात महिने मीच त्या गोळ्या गिळत होते. एका सेंटरमध्ये माझं एएमएच, म्हणजे किती बीजं उरली याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ०.८ आलं, कमीच. डॉक्टरांनी मान वर न करता नऊ गोळ्यांची यादी लिहिली आणि त्याच इमारतीतल्या दुकानाकडे बोट दाखवलं. महिन्याला साडेसहा हजार. स्वयंपाकघरात जिऱ्याच्या डब्यामागे स्टीलचा डबा होता, त्यात मी त्या लपवायची. कोणापासून लपवत होते कोण जाणे, घरात आम्ही दोघंच.

त्यातली एक डीएचईए. हे एक हार्मोन आहे, ते शरीरात जाऊन पुरुषी हार्मोन बनतं. तिसऱ्या महिन्यात हनुवटीवर दोन राठ केस उगवले आणि कपाळावर पुरळ आलं. तू व्हिडिओ कॉलवर म्हणालीस, "उन्हानं झालं असेल." मी हो म्हटलं. बाळ होण्याचं प्रमाण त्यानं नक्की वाढतं, असा खात्रीचा पुरावा नाही. दुसरी कोएन्झाइम क्यू टेन, सगळ्यात महाग. म्हाताऱ्या उंदरिणींच्या बीजांवर तिचा चांगला परिणाम दिसला आहे. बायकांवरचे प्रयोग लहान आहेत. त्यात बीजं थोडी जास्त मिळाली, पण मुलं जास्त झाली असं ठामपणे म्हणता येत नाही. मी उंदरीण असते तर घेतली असती. आणि आई, शतावरी कल्पात निम्म्याहून जास्त साखरच असते. माझी साखर काठावर आहे, म्हणून तो डबा खालच्या काकूंना दिला. रागावू नकोस.

आता मी धंतोलीत दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे जाते. त्यांनी पहिल्याच दिवशी नऊतल्या सात गोळ्या खोडल्या आणि कागद उलटा करून मला चित्र काढून दाखवलं. मला हे सगळं माहीत होतं, पण स्वतःसाठी कोणी सांगितलं की वेगळंच ऐकू येतं.

बाईची सगळी बीजं ती जन्माला यायच्या आधीच तयार होतात. पोटातली मुलगी पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्यात साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. पुढे आयुष्यभरात बाहेर पडतात जेमतेम चारशे-पाचशे, बाकीची आतल्या आत विरून जातात. पस्तिशीनंतर हा उतार जास्त तीव्र होतो. नवीन बीज तयार होत नाही, त्यामुळे पावडरीनं वाढायचा प्रश्नच नाही. एएमएच फक्त किती उरली याचा अंदाज देतं, कशी आहेत ते सांगत नाही. आणि ती माझ्याच वयाची असतात. त्यांच्यातलं विभाजन जन्माआधीच अर्ध्यावर थांबलेलं असतं, ते अडतीस वर्षं तसंच ताटकळतं. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं तोवर सैल पडतात आणि वाटणी चुकते. म्हणून बाळात एक गुणसूत्र जास्तीचं येऊन होणाऱ्या डाऊन सिंड्रोमचा धोका पंचविशीत साधारण १,२५० त एक असतो, पस्तिशीत ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक.

हे ऐकताना मला आजी आठवली. तूच सांगायचीस ना, की तुझ्या वेळी आजी पाच महिन्यांची असताना कापूस वेचायला जायची, ओटीत कापूस भरला की पोट दुप्पट दिसायचं आणि बाया चिडवायच्या. ज्या बीजातून मी झाले ते त्याच दिवसांत, आर्वीच्या त्या वावरात, आजीच्या पोटातल्या तुझ्या पोटात तयार झालं होतं. डॉक्टर बाई बोलत होत्या आणि मी कागदाकडे बघत हसत होते. त्यांना वाटलं, धक्का बसला.

दोन गोळ्या उरल्या. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं, म्हणून ती आधीपासून घ्यायची. दुसरं जीवनसत्त्व ड, माझं ११ निघालं, म्हणजे फार कमी. नागपूरच्या उन्हात! पण मे महिन्यात स्कूटीवर डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळून फिरणारीला ऊन लागणार कुठून. आठवड्याला एक ६०,००० युनिटची कॅप्सूल आहे, आठ आठवडे. ती हाडांसाठी आणि कमतरतेसाठी. त्यानं बीज तरुण होणार नाही.

जावयांची तपासणीही झाली. ते तुम्ही कोणी विचारलं नाहीत, त्यांच्या आईनंही नाही. शुक्रजंतूंची हालचाल कमी निघाली. रोज पानठेल्यावर उभं राहून पन्नीत खर्रा घोटायचा, चार-पाच पुड्या. डॉक्टर बाईंनी सांगितलं, तंबाखू सोडा, नवीन शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज एक्कावन्न दिवस झाले. चिडचिड होते, बडीशेप खातात, रात्री फुटाळ्याला चालायला जातो.

बाबा, आता तुमच्याशी. मी आईशी बोलायला लागले की तुम्ही उठून अंगणात जाता, हे मला फोनवरसुद्धा कळतं. दादाच्या इंजिनिअरिंगचं कर्ज फिटेपर्यंत माझं लग्न मागे पडलं, हे तुमच्या मनात आहे. लवकर झालं असतं तर फरक पडला असता, खोटं कशाला बोलू. पण हप्ते मी भरले ते माझ्या मर्जीनं, आणि एकोणतिसाव्या वर्षी आलेलं वरुडचं स्थळ मीच नाकारलं, आठवतं ना? तुम्ही तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. ती माझी वर्षं होती, माझ्या हिशेबात राहू द्या.

आणि जे लिहायला इतका वेळ लावला ते. पुढच्या पाळीला आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार, सुरू करतोय. डॉक्टर म्हणाल्या, गोळ्यांची वाट बघण्यात महिने घालवू नका. माझं बीज नाही मिळालं तर दुसऱ्या बाईचं घेता येतं. २०२१ चा कायदा आहे, देणारी तेवीस ते पस्तीस वयाची असावी लागते, आयुष्यात एकदाच देता येतं. ती कोण, हे आम्हाला कळणार नाही. आम्ही अजून ठरवलेलं नाही. तसं झालं तर आजीच्या वावरातला तो धागा माझ्यापाशी थांबेल, हे डोक्यात येऊन दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या रात्री लागली. आई, तुला काय वाटतं ते मला थेट सांग, मावशीकडून कळवू नकोस.

रिकामा डबा येत्या शनिवारच्या गाडीनं पाठवते, त्यात बर्डीवरून घेतलेली संत्रा बर्फी आहे, बाबांना एकच तुकडा. परत भरशील तेव्हा जवसाची चटणी घाल, भरपूर. आणि वर नाव लिहिशील ना, तर दोघांचं लिही.

तुमची,
पोरगी