ती लिस्ट आधी बाजूला ठेव

पवई, रविवार रात्र

प्रिय मनाली,

तुझी पीएचडीची लिस्ट बघितली गं. १४ युनिव्हर्सिट्या आणि सगळ्या रँकिंगच्या क्रमाने! राग मानू नकोस, पण मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, ९ ठिकाणी फॉर्म भरले, फीसाठी बाबांनी एफडी मोडली आणि नऊही ठिकाणांहून नकार, कारण माझ्या एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या त्या निबंधात, मला नक्की काय शोधायचंय याचं एक धड वाक्य नव्हतं. तुझं तसं व्हायला नको.

अगं पाच-सहा वर्षं गाईडसोबत काढायची असतात, युनिव्हर्सिटीच्या नावासोबत नाही. म्हणून आधी प्रश्न धर, आणि तुझ्याकडे तो आहे! आठव, दादरला दोन लोकल सोडून तू मला सांगत होतीस, आयसीयूतल्या त्या सावळ्या आजी, बोटं गार पडलेली, ऑक्सिमीटर ९४ दाखवतोय आणि सिस्टर म्हणतायत काहीतरी बिनसलंय, मग तू प्रोब बदललास, बोट बदललंस, तरी ९४च, आणि एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा, रिपोर्ट आला तर ऑक्सिजन ८६. तुझे डोळे भरून आले होते.

हाच तुझ्या एसओपीचा पहिला पॅरा. ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड, साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरचा प्रकाश बोटातून पाठवतो, आणि त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे तिला सावळेपणा देणारं रंगद्रव्य, त्यातला लाल प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे आकडा फसू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतला डेटा आला, मशीनला न दिसलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय पेशंट्समध्ये गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा सापडली. आपल्या वॉर्डांत तर सगळे सावळेच, मग इथे हे कोणी मोजायचं? यावर काम करणाऱ्या लॅब शोध, आणि फक्त बायोमेडिकलमध्ये नको, ऑप्टिक्सवाले कित्येकदा इलेक्ट्रिकल नाहीतर फिजिक्समध्ये बसलेले असतात.

गाईड सापडले की चार ओळींचा मेल, आणि त्यांच्या स्टुडंट्सशी वेगळं बोल, किती वर्षं लागली, गाईड वेळ देतात का, मधेच सोडून कोण गेलं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर स्टायपेंड मिळतो, पण पैसा कुठून येतो ते विचारच, एनआयएच या तिथल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या ट्रेनिंग ग्रँट आपल्याला मिळत नाहीत, त्या सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना. डेडलाईन बऱ्याच डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. युरोपात जाहिरात निघते, नोकरीसारखा पगार, तुझं एमटेक तिथे कामी येईल.

आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय संशोधन संस्था यादीत का नाही? हॉस्पिटल आणि डिव्हाइसची लॅब एकाच संस्थेची, त्यांनी बनवलेला हार्ट व्हॉल्व्ह १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवला. तुला पेशंटपासून लांब राहून करमायचं नाही, मला माहितीये.

एक रेकमेंडेशन तुझ्या हॉस्पिटलच्या इंजिनिअर सरांकडून घे, रात्री दोनला सिरिंज पंप उघडून बसलेली तू त्यांनीच पाहिलीयस.

शनिवारी ये, कांजूरला उतर, मी घ्यायला येते. पहिला पॅरा लिहून आण, फक्त तेवढाच.

तुझीच,
शीतल