विषय: पॅसिव्हेशन न झालेली 316एल फिटिंग्ज आणि तुमच्या माणसाचं उत्तर

प्रति,
गुणवत्ता विभाग प्रमुख

आत्ताच तुमच्या ऑफिसचा फोन ठेवला. यापुढे बोलणं लेखीच होईल.

316एल स्टेनलेस फिटिंग्जच्या या लॉटसोबत पॅसिव्हेशनचा, म्हणजे आम्लाच्या बाथमध्ये पृष्ठभागावरचं मोकळं लोखंड काढल्याचा, टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) आला. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये कॉपर सल्फेट टेस्ट घेतली. पृष्ठभाग 6 मिनिटं ओला ठेवून धुतला, तर आट्यांच्या मुळाशी तांब्याचा गुलाबी थर. म्हणजे मशिनिंगचं मोकळं लोखंड तसंच आहे. मग टीसीवर सही कशाची?

हे सांगितल्यावर तुमचे साहेब म्हणाले, “मॅडम, स्टेनलेस आहे, गंज कसा येईल?” फोटो पाठवले. “पावसाळी हवा आहे, कापडाने पुसून घ्या.” म्हटलं, माल ऑक्सिडायझरच्या (रॉकेट इंजिनात इंधन जाळणाऱ्या द्रवाच्या) लाइनमध्ये जाणार आहे. तर हसून, “मग पुढे एक फिल्टर टाका ना!” आणि शेवटी, “फोन तुमच्या इंजिनिअरला द्या, त्यांना कळेल.” इंजिनिअर मीच आहे, हे फोनच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं.

हा ऑक्सिडायझर म्हणजे नायट्रोजन टेट्रॉक्साइड. त्यात ओलावा शिरला की नायट्रिक आम्ल होतं, ते लोखंड खातं आणि लोखंडाचं नायट्रेट द्रवात विरघळतं. विरघळलेलं फिल्टर अडवत नाही. पुढे व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेत दाब-तापमान उतरलं की तेच चिकट साका होऊन बसतं आणि प्रवाह घटत जातो. म्हणून तर द्रवातल्या पाण्यावर मर्यादा असते, लाइन कोरड्या नायट्रोजनने पर्ज करतात (फुंकून साफ करतात), मॉलिक्युलर सीव्हने (अतिसूक्ष्म छिद्रांच्या शोषकाने) लोखंड काढतात. तुमच्या कॅटलॉगात ‘ऑक्सिडायझरसाठी योग्य’ छापलंय, म्हणजे हे तुम्हाला ठाऊक असणारच.

मंगळयानाचं मुख्य इंजिन सुमारे 300 दिवस बंद राहून सप्टेंबर 2014 मध्ये पुन्हा पेटलं. तिथे जाऊन व्हॉल्व्ह साफ करता येत नाही. आणि आम्हाला सांगता, पुसून घ्या!

तुमचं नाव आम्हीच इतरांना सुचवत होतो, याचं जास्त वाईट वाटतं.

संपूर्ण लॉट तुमच्या खर्चाने उचला. नव्या मालासोबत बाथची नोंद पाठवा: आम्लाचं प्रमाण, तापमान, वेळ. नुसता टीसी चालणार नाही. आठवड्यात उत्तर न आल्यास डेबिट नोट निघेल, तुमचं नाव व्हेंडर यादीतून जाईल आणि टेस्टचे फोटो आमच्या ग्राहकालाही जातील.

खरेदी व तपासणी विभाग, रबाळे