शाळेच्या वजनकाट्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा डॉक्टरताई बोलल्या, आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. विषय होता युद्धकाळातले शाळकरी मुलांचे आरोग्य. अर्धा मंडप रिकामा होता, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपल्याला महायुद्ध म्हटले की मार्च १९४३ मध्ये मुरगाव बंदरात पेटलेले जर्मन जहाज आठवते. ताईंनी विलायतेतल्या पोरांची गोष्ट सांगितली. सप्टेंबर १९३९ मध्ये बाँबच्या भीतीने शहरांतली लाखो मुले अवघ्या काही दिवसांत खेड्यांत हलवली. ज्यांच्या घरी ती उतरली त्या बायका त्यांच्या डोक्यातल्या उवा आणि अंगावरची खरूज पाहून हादरल्या. शाळांतून वैद्यकीय तपासणी १९०७ च्या कायद्यापासून होत होती, तरी ही गत! मग मात्र चक्रे फिरली. शाळेतले दूध युद्धातही चालू राहिले आणि ते घेणाऱ्या मुलांची संख्या उलट वाढली. घटसर्पाची लस १९४० पासून देशभर टोचू लागले. शाळेत गरम जेवणारी मुले १९४५ पर्यंत रोज पंधरा लाखांवर गेली. हे सगळे साखर-लोणी मोजून मिळत असताना.

आणि आपण? गेल्या जूनमध्ये आपली मुले गिरणीतल्या तांदळाच्या काट्यावर उभी केली. तो काटा अर्ध्या किलोखालचे दाखवत नाही. पाचवीतल्या एका मुलीचे वजन वर्षभरात वाढलेच नाही, की काट्यालाच कळले नाही, ते शेवटपर्यंत ठरेना. तिने दोनदा चपला काढून पाहिल्या.

तरी गिरणीवाल्या काकांचे उपकार विसरता येणार नाहीत. काटा त्यांचा, हमाल त्यांचा, वर मुलांना चणे-गूळही त्यांचाच. वरच्या वाड्यावरच्या निवृत्त बाई आठ वर्षे दर शनिवारी मुलींची नखे आणि केस तपासतात, फणी-तेल पदरचे. आखातातल्या आपल्या गाववाल्यांनी तीन वर्षांपूर्वी चौदा मुलांना चष्मे दिले. त्यातला एक मुलगा फळा दिसू लागल्यावर पहिल्या बाकावरून आपण होऊन मागे जाऊन बसला. देवस्थान समितीने तपासणीला मंडप कधी नाकारला नाही. सरकारी पथक येते तेव्हा चहा-पाणी आपल्या महिला मंडळाचे.

गेल्या वर्षी एकशेचाळीस घरांत पत्रके टाकली, उत्तरे आली सात. जत्रेच्या नाटकाची वर्गणी मात्र एका रात्रीत जमली. नाटकाला विरोध नाही, अस्मादिक स्वतः बावीस वर्षे तोंडाला रंग लावतात. पण मनाला लागले, एवढेच.

हवे ते असे: डिजिटल वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, डोळ्यांचा तक्ता (जुना वाळवीने खाल्ला), प्रथमोपचार पेटी, चष्म्यांसाठी थोडी शिल्लक, एकूण अंदाजे अठ्ठावीस हजार. रोख वा धनादेश खजिनदारांकडे वाचनालयात, सायंकाळी ५ ते ७, सोमवारी बंद. वस्तूही चालतील, पण आधी विचारा, मागे तीन थर्मामीटर आले. चवथीपूर्वी रक्कम जमली तर सुटीनंतरच्या पहिल्या शनिवारी तपासणी. मदतीला दोन तरुण हवेत, लिहायला अक्षर बरे असावे.

गेल्या वर्षीच्या सात जणांपैकी दोघांच्या पावत्या अजून कपाटात आहेत, कृपया न्याव्यात.

आपला,
सचिव (कार्यकारी मंडळाच्या वतीने)